लाल दोऱ्याची किटली

"पाजतीस का अजून?"

"बंद केलं, सिस्टर. पाडव्यालाच."

"खरं सांग मला."

"खरंच. आता वाटीनं दूध पितो तो."

"मग घे हिच्यातलं. न्हाईतर त्या मोकळ्या किटलीतलं घ्यायचं. मला ईचारल्याबिगर हिला हात लावायचा न्हाई."

मी गच्चीच्या जिन्यात होते. हातात वाळलेल्या कुरडया भरायचा पत्र्याचा डबा होता आणि पुढची पायरी चढावी की नाही ते कळत नव्हतं. दुसऱ्यांचं बोलणं चालू असताना मध्ये जाणं मला जमत नाही. मी आधी खोकते. पण त्या दिवशी खोकायच्या आधीच वरून आवाज आला, "कोण हाय जिन्यात? रेवा असंल. दुसरं कुणी इतकं हळू चढत न्हाई."

वर गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत स्टीलच्या दोन मोठ्या किटल्या ठेवल्या होत्या, लग्नात चहा वाढायला असतात तसल्या. एकीच्या कडीला लाल दोरा बांधलेला होता, दुसरीची कडी मोकळी. समोरच्या घरातली सून अर्चना लाल दोऱ्याच्या किटलीतला पेला तोंडाला लावून डोळे मिटून उभी होती. अर्चनाला मी त्याआधी डोळे मिटून उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. तिच्या घरातून सारखी तिला हाक येत असते.

मला मोकळ्या किटलीतलं लिंबाचं सरबत मिळालं. दुसरीत काय आहे ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मी लाजते म्हणून विचारत नाही. तिथं कुणीच विचारत नाही, हे मला पुढं कळलं.

सिस्टर म्हणजे आमच्या शेजारच्या सुमनबाई. हे नाव फक्त पोस्टमनला, वीजबिलाला आणि अर्चनाच्या सासूला माहीत होतं. बाकी सगळ्या गल्लीच्या त्या सिस्टर. त्यांची नातवंडंसुद्धा नांदेडहून आली की त्यांना "सिस्टरआजी" म्हणायची. आयुष्यभराची नोकरी त्यांनी जिंतूर तालुक्यात, बोरीच्या आसपासच्या गावांत केली. बाळंतपणं, लसी, गोळ्या. निवृत्त होऊन परभणीतल्या या घरात कायमच्या राहायला आल्या तरी नोकरीच्या सवयी सुटल्या नव्हत्या. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. साडीवर पांढरे कापडी बूट. आणि समोर माणूस आलं की त्याच्या तोंडाआधी त्याची नखं बघायची. पुण्याहून शिक्षण संपवून मी घरी परत आले, तेव्हा सगळ्यांनी मला नोकरीचं विचारलं. सिस्टरांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि आईला म्हणाल्या, "पोरगी नुसती चहावर जगलेली दिसतीय."

मी घरूनच एका कंपनीचं काम करते. दिवसभर लॅपटॉपवर असते आणि फारसं बोलावं लागत नाही, हीच त्या नोकरीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. शाळेत आम्ही मराठी बोललो की वर्गाबाहेर उभं करायचे. घरी इंग्रजी शब्द आला की आजोबा हसायचे. त्यामुळे मला दोन्ही भाषांत गप्प बसता येतं. गल्लीतल्या बायकांना ते शिष्टपणाचं वाटायचं. सिस्टरांना वाटलं नाही. एकदा आई त्यांच्यापुढं माझ्याबद्दल तक्रार करायला लागली, "हिला चार माणसांत तोंड उघडता येत नाही." त्या लिंबू चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येतं की. तिला उशीर लागतो फक्त. काही बाळं जन्मल्या जन्मल्या न्हाई रडत. थांबावं लागतं."

आमच्याकडं एप्रिल लागला की सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नळाचं पाणी हाताला चटका देतं. कूलर दमट वाफा टाकतो आणि वीज गेली की तोही थांबतो. याच दिवसांत गल्लीतल्या बायका कुरडया, पापड, शेवया करतात, आणि आमच्या गल्लीत हे सगळं सिस्टरांच्या गच्चीवर व्हायचं. त्यांच्या घराला वरचा मजला नव्हता, शेजारी झाड नव्हतं, त्यामुळे पहिल्या उन्हापासून शेवटच्या उन्हापर्यंत टाकीची सोडली तर सावली म्हणून पडायची नाही. शिवाय तिथं पाखरं यायची नाहीत. दवाखान्यातून जमवलेल्या जुन्या एक्स-रेच्या काळ्या फिल्म त्यांनी दोरीला ओळीनं टांगल्या होत्या. वाऱ्यावर त्या फडफडायच्या, चकाकायच्या. कुणाची तरी बरगडी, कुणाचा तरी मोडलेला हात. त्यांच्याखाली आम्ही कुरडया वाळत घालायचो.

स्वतः सिस्टरांना कुरडई अजिबात यायची नाही. त्यांच्या सोऱ्यातून तुकडेच पडायचे. चीक शिजवायचं काम गोदाकाकूंचं, म्हणजे अर्चनाच्या सासूचं. पहाटे पातेल्यापाशी गोदाकाकू उभ्या राहिल्या की बाकीच्या बायका श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडं बघायच्या. त्या "आला" म्हणाल्या की चीक शिजला. "सुमन, तुझ्या हाताला सुई शोभती गं, सोऱ्या न्हाई," असं गोदाकाकू दरवर्षी म्हणायच्या. "म्हणून तर गच्ची दिली तुमाला," सिस्टर दरवर्षी उत्तर द्यायच्या.

गच्ची आणि शेवटच्या दिवशीचं सरबत, हा सिस्टरांचा वाटा. वाळवणाच्या शेवटच्या दिवशी, ऊन कललं की, बायका सगळं डब्यांत भरायला वर यायच्या आणि तेव्हा त्या दोन किटल्या निघायच्या. मोकळ्या किटलीत नुसतं लिंबाचं सरबत. लाल दोऱ्याच्या किटलीत अर्धं सरबत आणि अर्धी बीयर.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी मला लिंबं पिळायला बसवलं, तेव्हा मला हे उघड उघड कळलं. वासावरून शंका आधीच आली होती. पुण्यात होस्टेलवरच्या मैत्रिणी असलंच काहीतरी करून प्यायच्या, त्याला एक इंग्रजी नावही होतं. मी तिथंही माझं साधं लिंबूपाणी धरून कोपऱ्यात बसायचे. सिस्टरांचं करणं मात्र मैत्रिणींसारखं घाईचं नव्हतं. लिंबं झरीकडून येणाऱ्या एका बाईकडूनच घ्यायची, पातळ सालीची. पिळायच्या आधी प्रत्येक लिंबाची साल खडीसाखरेच्या खड्यावर घासायची, म्हणजे वास साखरेत उतरतो. मग साखरेचा पाक करून गार करायचा. चिमूटभर मीठ. पुदिना वाटायचा नाही, तळहातावर एकदा चापटायचा. "जिरं?" मी विचारलं. "जिरं घातलं की माणसाला ताक आठवतं. आपल्याला ताक आठवायचं न्हाई."

किटल्या बर्फाच्या टोपल्यात, वरून ओलं पोतं. बीयर सगळ्यांत शेवटी. किटली वाकडी धरायची आणि आतल्या भिंतीवरून धार सोडायची. मी धडधडा ओतायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"सलाईन लावल्यावाणी सोड. हळू. अन् ढवळायचं न्हाई."

"मग मिसळणार कसं?"

"त्याचं ते मिसळतं. आपण ढवळलं की सगळा फेस वर येतो, अन् फेस गेला की मागं ऱ्हातं कडू पाणी."

दोरा कशाला, ते मात्र त्यांना विचारावं लागलं नाही. कुणाला कुठलं द्यायचं हा त्यांचा नियम पक्का होता. अंगावर पाजणारीला नाही. पोटुशीला नाही. बीपीच्या, साखरेच्या, कसल्याही गोळ्या चालू असतील तर नाही. पोरांना तर त्या किटलीच्या आसपाससुद्धा फिरकू द्यायच्या नाहीत. गोदाकाकूंना बीपी होतं, म्हणून त्यांना कायम मोकळ्या किटलीतलं, तेही सिस्टरच पेला भरून हातात द्यायच्या, त्यामुळे दोऱ्याकडं बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दुसरीत सिस्टरचं काहीतरी कडू औषधी आहे, असं त्या म्हणायच्या. त्यांना खरंच तसं वाटायचं, की तसं वाटून घेणं सोयीचं होतं, हे मला सांगता येणार नाही. माझी आईसुद्धा "सिस्टरचं ते" एवढंच म्हणायची.

बीयर आणायला त्या स्वतः जायच्या. भर दुपारी, छत्री उघडून, खांद्याला पट्टा तुटलेला निळा डबा लावून. लसी गार ठेवायला असतो तो डबा. भंगारात निघालेला, त्यांनी हक्कानं मागून घेतलेला. रस्त्यावरचं माणूस बघायचं आणि म्हणायचं, सिस्टर अजूनही कुणाला तरी टोचायला निघाल्या. एकदा त्यांनी मला सोबत नेलं. बायपासच्या दुकानापाशी मी रस्त्याच्या पलीकडं, उसाच्या रसाच्या गाड्याच्या आडोशाला उभी राहिले. त्या सरळ खिडकीपाशी गेल्या. पुरुषांनी गडबडून वाट दिली. त्यांतला एक मोठ्या मिशांचा माणूस हातातली बाटली पाठीमागं धरून म्हणाला, "सिस्टर, तुमी कशाला आलात उन्हात? सांगावा धाडायचा, घरपोच दिली असती."

"कुठला रे तू?"

"बोरीचा. तुमच्याच हातची टोचलेली पोरं आमी."

"टोचलं तवा रडला न्हाईस, मग आता कशाला लाजायलास? मागं काय लपवायलास, दिसायलंय मला." असं म्हणत त्यांनी तिथंच, सगळ्यांपुढं, त्याची पापणी खाली ओढली. "रगत बघ किती कमी झालंय. आधी जेवत जा, बाबा."

त्यानं मुकाट्यानं बाटली खिडकीत परत ठेवली. परत येताना मी म्हटलं, "ऐकलं त्यानं तुमचं." त्या हसल्या. "आपण वळलो की घेणार हाय तो. पण आज जेवून पिईल. तेवढंच आपल्या हातात."

हे मिश्रण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचे यजमान एसटीवर ड्रायव्हर होते, गंगाखेड, राणीसावरगाव या बाजूला गाडी न्यायचे. सिस्टर त्यांना "आमचे ड्रायव्हर" म्हणत. मे महिन्यात रजा काढली की ड्रायव्हर गच्चीवर एक बाटली घेऊन बसायचे. सिस्टरांना ते आवडायचं नाही. एका संध्याकाळी रागारागानं त्यांनी आपल्या हातातलं सरबत त्यांच्या पेल्यात ओतून दिलं, नासून जावं म्हणून. ड्रायव्हरांनी घोट घेतला आणि पेला त्यांच्यापुढं केला. "राग म्हणून ओतलं, अन् चांगलं निघालं," सिस्टर सांगायच्या. मग पुढं दर उन्हाळ्यात एकदा, दोघं, ह्याच टाकीच्या सावलीत.

ते गेल्यावरच्या उन्हाळ्यात त्यांनी एकटीसाठी केलं. पेला भरला, समोर ठेवला आणि नंतर किटलीतल्या उरलेल्यासकट गच्चीच्या पन्हाळीतून खाली ओतून दिलं. तेव्हापासून त्यांचा स्वतःपुरता एक नियम झाला. तो त्या कुठल्याही इतर नियमासारखाच सांगायच्या, गोळ्या जेवणानंतर घ्या म्हणावं तसा: "एकटीनं पिली की ती दारू. दुसऱ्या कुणी पेला धरला, की सरबत." कुणी सोबत असेल तरच त्या घोट घ्यायच्या. पहिली सोबत अर्चनाची मिळाली. मग हळूहळू आणखी एकदोघी. कुणीही एका पेल्याच्या पुढं जात नसे. त्या पेल्यात मोठं काही होतं असंही नाही. पण तो हातात असताना बायका कठड्याला पाठ टेकून, पाय लांब करून बसायच्या. खाली घरात त्या तशा बसलेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

मग एका वर्षी वाळवणाचा शेवटचा दिवस आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आली.

गोदाकाकूंच्या घरी त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची नवी मडकी पूजतात आणि मडक्याच्या गळ्याला लाल दोरा बांधतात. पूजा, आमरसाचं जेवण सगळं आटोपून त्या संध्याकाळी वर आल्या तेव्हा दोऱ्याचं रीळ त्यांच्या कमरेलाच खोचलेलं होतं. सिस्टर बर्फ आणायला खाली गेल्या होत्या. मी चाळणी आणायला घरी गेले होते. परत आले तर दोन्ही किटल्यांच्या कड्यांना नवे कोरे लाल दोरे, एकसारखे, नीट दुहेरी गाठीचे. गोदाकाकू मला कौतुकानं म्हणाल्या, "सुमननं बघ गं, आमचा सण म्हणून एकीला बांधलावता. पण दुसरी तशीच. बरं दिसत न्हाई ते सणाचं. अन् पयला दोरा पार विटलावता, तोबी बदलला."

तोवर पेले भरले गेले होते. ज्या बाईच्या हाताशी जी किटली आली तिनं तिच्यातून ओतलं होतं. गोदाकाकूंच्या हातातला पेला बीयरच्या किटलीतला होता.

"यंदा सरबत जरा कडसर हाय," त्या म्हणत होत्या, "पण लय गार वाटायलंय." आणि मग त्या बोलतच राहिल्या. अर्चनाला त्यांनी हाताला धरून शेजारी बसवलं. "ही माझी सून. हिच्या भाकरीला मी रोज नावं ठेवते. भाकर चांगलीच असती. मलाच नावं ठेवायची सवय लागलीय." बायका इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. अर्चना हसत हसत उठली आणि टाकीच्या मागं जाऊन तोंड धुऊन आली.

सिस्टर बर्फ घेऊन वर आल्या. त्यांनी आधी किटल्यांकडं पाहिलं. मग गोदाकाकूंचा पेला उचलून वास घेतला. खाली जाऊन बीपीचं यंत्र घेऊन आल्या आणि गोदाकाकूंच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

सिस्टर गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं, हे मला आजही वाटतं. गोदाकाकू रात्री गाढ झोपल्या असत्या आणि सकाळी सरबताची तारीफ केली असती. पण त्यांची रात्रीची गोळी होती.

"गोदाताई, तुमच्या पोटात बीयर गेली," सिस्टर म्हणाल्या. "घाबरायचं न्हाई. रातच्या गोळीचं काय करायचं ते मी डॉक्टरला ईचारते."

इतक्या वर्षांत त्या गच्चीवर तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. हसणं थांबलं. वरच्या फिल्म तेवढ्या फडफडत होत्या.

"आखितीला?" गोदाकाकू म्हणाल्या. "माझ्या पितरांच्या दिवशी?" त्यांनी दंडाचा पट्टा ओढून काढला. "सुमन, मला बाटवलंस तू."

आणि त्या भिंतीला धरून जिना उतरल्या. सिस्टर यंत्र घेऊन मागोमाग गेल्या. घरात घेतलं नाही म्हणून ओट्यावर बसून राहिल्या. डॉक्टरांचा निरोप आला, तो त्यांनी दारातूनच अर्चनाला सांगितला. अर्चनानं यंत्र आत नेलं आणि थोड्या वेळानं येऊन सांगितलं की बीपी ठीक आहे. तेव्हा त्या उठल्या.

मी त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या घरात गेले. समोरच्या खोलीत बुद्धांची पांढरी मूर्ती आहे, तिच्यापुढं त्या पाय पसरून बसल्या होत्या, बूट न काढता. मी म्हटलं, "दोरा गोदाकाकूंनीच बांधला. मी सांगते त्यांना."

"काय सांगशील? चूक तुमचीच हाय म्हणून?"

मी उंबऱ्यावर बसले.

"तिनं सणाचं म्हणून चांगल्या मनानं बांधला. त्यो तिच्याच गळ्यात नको घालू. किटली माझी, तर जिम्मेदारी माझी. कुणाजवळ बोलायचं न्हाई. तुला ते चांगलं जमतं."

मी बोलले नाही. गल्ली मात्र बोलली. पाण्याचा टँकर आला की आम्ही सगळ्या घागरी घेऊन रांगेत उभ्या असतो. तिथं माझ्या पुढची एक बाई दुसरीला म्हणाली, "त्यांच्यात चालतं." आवाज फार लहान नव्हता. सिस्टर चार घागरी पुढं होत्या. त्या वळल्या.

"आमच्यात न्हाई चालत, बाई," त्या म्हणाल्या, भांडायच्या सुरात नाही, माहिती द्यावी तशा. "आमाला तर शपथ असती. पाच शीलं. चार मी पाळते, पाचवं, नशा न करायचं, उन्हाळ्यात एकदा मोडते. माझा भाऊ त्याच्यावरून मला काय काय बोलतो ते ऐकायला ये एकदा. म्हणून जे काय हाय ते माझं एकटीचं हाय. आमच्यातलं म्हणू नको." मग पाइप आपल्या घागरीत धरला आणि भरेपर्यंत तिच्याकडंच बघत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर कुणी गेलं नाही. प्रत्येकीनं आपापल्या घरी वाळवण मांडलं. आमच्या कुरडयांवर पलीकडच्या अंगणातल्या कडुनिंबाची सावली पडून त्या आंबल्या. कुणाच्या पापडांवर कबुतरं चालली. गोदाकाकूंच्या पहिल्या घाण्याला बुरशी आली. सिस्टर संध्याकाळी गच्चीवर एकट्या फिरताना दिसायच्या. टाकीपासून कठड्यापर्यंत, परत टाकीपर्यंत. किटल्या निघाल्या नाहीत. निघणार तरी कशा? त्यांच्याच नियमात ते बसत नव्हतं.

त्याच्याही पुढच्या वर्षी चैत्र संपता संपता अर्चना सोऱ्या घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी गेल्या, मग सगळ्याच. गोदाकाकूही आल्या. चीक त्यांनीच शिजवला. पण पूर्वी त्या "सुमन, आच कमी कर गं" म्हणायच्या, आता "आच कमी करा" म्हणाल्या. सिस्टरांनी आच कमी केली.

सिस्टरांचे गुडघे गेले होते. त्या पावसाळ्यात लेक त्यांना कायमचं नांदेडला नेणार हे ठरलेलं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. आज त्या तिकडंच असतात. त्यांच्या घरात भाडेकरू राहतात. एक्स-रेच्या फिल्म कुणी काढलेल्या नाहीत, त्यांचं काळं उडून त्या आता पांढुरक्या झाल्यात. पण मला त्या आठवतात त्या नांदेडच्या नाहीत. मला त्या वर्षीचा वाळवणाचा शेवटचा दिवस आठवतो.

त्याच आठवड्यात मला बघायला माणसं येणार होती. वर जायच्या आधी आईनं मला स्वयंपाकघरात थांबवलं. "जा तू, मीही येणारच आहे. पण मोकळ्या किटलीकडंच हात जाऊ दे. आणि लाल दोऱ्याची त्या काढणार नाहीतच म्हणा आता."

त्यांनी दोन्ही काढल्या होत्या. टाकीच्या सावलीत, ओल्या पोत्यावर, शेजारी शेजारी. एकीची कडी मोकळी. दुसरीला लाल दोरा, नवा. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "कशाला बांधला पुन्हा?"

सिस्टरांनी कुणाला काही विचारलं नाही. पाजतीस का नाही, गोळ्या चालू आहेत का नाही. नुसते पेले मांडले आणि बाजूला झाल्या. पहिला हात मोकळ्या किटलीकडं गेला. मग दुसरा. अर्चनानं एकदा सासूकडं पाहिलं आणि मोकळ्या किटलीतलं घेतलं. गोदाकाकूंनी आपला पेला दोन्ही हातांत धरला आणि कठड्याच्या टोकाला जाऊन बसल्या. सरबत चांगलं झालं आहे असं एकीनं म्हटलं. दुसरी हो म्हणाली. पाय लांब करून कुणीही बसलं नव्हतं. फक्त माझा आणि सिस्टरांचा पेला रिकामा होता. आईनं माझ्यासाठी मोकळी किटली पुढं ओढली.

सिस्टर थोडा वेळ थांबल्या. लाल दोऱ्याच्या किटलीला बाहेरून दंव धरलं होतं, ते त्यांनी पदरानं टिपलं. लिंबं त्यांनी एकटीनं पिळली असणार, साखरेवर साली एकटीनं घासल्या असणार, उन्हातून तो डबा तशा गुडघ्यांनी एकटीनं आणला असणार. त्यांनी आमच्याकडं पाहिलं नाही. किटली उचलली आणि लंगडत पन्हाळीच्या कोपऱ्याकडं निघाल्या. छोटीशी पाठ, खोचलेला पदर, पांढरे बूट, आणि डोक्यावर कुणाकुणाची हाडं वाऱ्यावर हलत असलेली. कोपऱ्याशी जाऊन त्यांनी किटली वाकडी केली, सावकाश, सलाईन सोडल्यासारखी. पांढरा फेस तोटीच्या तोंडाशी आला.

मी खोकले.

"रेवा असंल," त्या म्हणाल्या, मागं न वळता. "काय गं?"

आईचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथंच घट्ट झाला. गोदाकाकूंनी मान वर केली. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या, आणि सिस्टर थांबल्या होत्या, किटली तशीच वाकडी धरून, जणू हवा तेवढा वेळ आहे.

मी म्हटलं, "सिस्टर, ओतू नका. मला लाल दोऱ्यातलं द्या."